खिडकीतला डाग

३ जून १९८४, रविवार
आजपासून रोजनिशी. माझ्या संग्रहाला आता इतिहास लागणार, तो कुणीतरी लिहायला हवा. म्युझियमची मिस लिंडक्विस्ट मंगळवारी येतेय. फोनवर म्हणाली, की १९०० ते १९३० मधली आपल्याकडची प्रिंट्स शोधतोय, सप्टेंबरात प्रदर्शन आहे, तुमच्याकडे काही आहे असं ऐकलं.
काही! बाई, एकशे बारा एचिंग्ज आहेत, तांब्याच्या पत्र्यावर कोरून शाईने छापलेली. पूल, गोद्या, शिडाची जहाजं, न्यूयॉर्कच्या इमारती, बदकं. बदकंच चौतीस. प्रत्येकावर खाली पेन्सिलीने चित्रकाराची सही. चाळीस वर्षं जमवतोय. नजर लागते त्याला, ती उपजत असावी लागते.
भिंतीवर पाटी लागेल: 'ॲल्विन स्नो यांच्या संग्रहातून'. मजकूर लिहून तयार ठेवलाय, ऐन वेळी घोळ नको.
विनिफ्रेड असती तर म्हणाली असती, आधी दाढी कर.
(विनिफ्रेड म्हणजे माझी बायको. मार्चमध्ये गेली. मला हे ठाऊक आहे, पण इतिहासासाठी लिहिलं.)
तिची आठवण वगैरे फारशी येत नाही. कामं खूप असतात.

५ जून, मंगळवार
मिस लिंडक्विस्टने एकशे बारा एचिंग्ज चौदा मिनिटांत पाहिली. बदकांपाशी तर थांबलीच नाही. भारावल्यावर माणसाचं असंच होतं.
मग बाथरूम कुठेय विचारलं. जाताना पॅसेजमध्ये विनिफ्रेडच्या चित्रासमोर जी उभी राहिली ती वीस मिनिटं. बाथरूम विसरलीच. दमली असावी.
ते चित्र म्हणजे इथल्याच कुणा मिस थर्झा गेलने १९१६ साली याच गावात, प्रॉव्हिन्सटाऊनला, काढलेलं लाकडी ठशाचं रंगीत प्रिंट. रंगांच्या मधून पांढऱ्या रेघा जातात, ती इथली खासियत म्हणे. गल्ली, पिवळं घर, वर एक खिडकी, मागे जांभळा समुद्र. समुद्र कधी जांभळा असतो का? लग्न झालं त्या आठवड्यात विनिफ्रेडने धक्क्यावर खुद्द त्या बाईकडून घेतलं होतं. मी तेव्हाच म्हणालो होतो, की सात रंग आहेत आणि एक रेघ सरळ नाही. ती म्हणाली होती, की मला त्या खिडकीत राहायला आवडेल.
मिस लिंडक्विस्टला हेच हवंय. फक्त हेच. एकोणतीस ऑगस्टला न्यायला येईल. पाटी: 'विनिफ्रेड स्नो यांच्या संग्रहातून'.
मी म्हटलं, अवश्य. पाटीचं नंतर बोलू.

७ जून, गुरुवार
चित्र पॅसेजमधून काढून माझ्या अभ्यासिकेत लावलं, उत्तरेच्या भिंतीवर. बाथरूमची वाफ बरी नव्हे. मी चौतीस वर्षं विमा कंपनीत नुकसान तपासत होतो. ओल माझ्या नजरेतून सुटत नाही.
ओलिंडा कोस्टा आली. शेजारीण, पोर्तुगीज कोळ्यांच्या घरातली. दर गुरुवारी न सांगता सूप घेऊन येते आणि न सांगताच झाडझूड करते. म्हणाली, अहो ॲल्विन, ही भिंत घाम सोडते, विनीने इथे कधी कॅलेंडरसुद्धा लावलं नाही. मी म्हटलं, ओलिंडा, मी दोन हजार भिंती तपासल्यात. म्हणाली, मग ही दोन हजार एकावी तपासा.
बाईला तोंड फार.

१९ जून, मंगळवार
सहा दिवस धुकं. समोरचा रस्ता दिसत नाही. घरात आवाज येतात. पाइप असतील.
पाटीत सुधारणा: 'ॲल्विन व विनिफ्रेड स्नो यांच्या संग्रहातून'. नावं अक्षरक्रमाने. माझा त्यात काही हात नाही.

१ जुलै, रविवार
चित्रातल्या खिडकीत एक ठिपका आढळला. खसखशीएवढा, तपकिरी. माशी बसली असेल.

४ जुलै, बुधवार
बाहेर स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक, बँड, पोरांचा कल्ला. सगळं धुक्यातच. मी घरी बसून भिंगाने पाहिलं.
माशीचं काम नाही. ठिपक्याला खांदे आहेत.

१० जुलै, मंगळवार
काल चित्र भिंतीकडे तोंड करून लावलं. उन्हापासून जपायला. (ऊन पडलेलं नाही, पण पडू शकतं.) आज सकाळी पाहतो तर तोंड खोलीकडे.
ओलिंडा गुरुवारीच येते. घराची दुसरी किल्ली विनिफ्रेडकडे असायची.
मीच फिरवलं असणार. कामाच्या माणसाने सगळंच लक्षात ठेवायचं म्हटलं तर झालंच.

१२ जुलै, गुरुवार
ओलिंडाला सहज विचारलं. म्हणाली, मी हात लावला नाही, पण बायकोच्या चित्राला कोपऱ्यात उभं केल्यासारखं भिंतीकडे तोंड करून लावता, लाज नाही वाटत? मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, जेवता ना हो?
जेवतो. क्रॅकर बिस्किटं आहेत.
पाटी: 'ॲल्विन स्नो यांच्या संग्रहातून'. छोटं नाव लांबून नीट वाचता येतं. यात भावनेचा प्रश्न नाही.

२३ जुलै, सोमवार
आता चेहरा आहे. केस मागे बांधलेले. विनिफ्रेड शिंपले सोलायला बसायची तेव्हा असेच बांधायची. एक हात वर. मोजला: चार मिलिमीटर. ये म्हणतेय की जा म्हणतेय, ते भिंगातूनही कळत नाही.
मी भूतबीत मानत नाही. चौतीस वर्षांत एकाही घराचं भुताने नुकसान केल्याचा दावा मी मंजूर केला नाही.
तरी एक गोष्ट लिहून टाकतो, म्हणजे डोकं मोकळं होईल. दहा मार्च, शनिवार. विनिफ्रेड हॉस्पिटलात. आठवडाभर एकच मागणं, माझं चित्र आण, पलंगासमोर लाव, मला बघायचंय. मी म्हणायचो, काच जड आहे, तिथे खिळा ठोकू देत नाहीत, उद्या बघू. असं सहा वेळा 'उद्या' म्हणालो. शनिवारी पलीकडच्या गावात लिलाव होता. एका पुलाचं एचिंग यायचं होतं, एकोणीस वर्षं त्याच्या मागावर होतो. डॉक्टर म्हणाले होते, अजून दोन दिवस तरी काळजी नाही. चूक असेल तर डॉक्टरांची. माझी पाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आली. एचिंग मिळालं. ती अकराला गेली होती.
नर्स म्हणाली, समोरच्या भिंतीवर काय होतं हो? त्या सारख्या तिकडेच बघत होत्या. मी म्हटलं, काही नव्हतं.
एचिंग उत्तम आहे. कडा कुणीतरी कापल्यात, म्हणजे किंमत निम्मी, ते घरी आल्यावर कळलं.
डोकं मोकळं झालेलं नाही.

१ ऑगस्ट, बुधवार
निश्चय: अभ्यासिकेत पाऊल टाकायचं नाही.
सकाळी चष्मा घ्यायला गेलो. दुपारी चष्मा ठेवायला गेलो. संध्याकाळी तिला शांतपणे समजावून सांगितलं, की लिलावाहून येताना पुलावर गाड्यांची रांग होती, नाहीतर निदान बाराला तरी पोचलो असतो. तिचा हात मात्र वरच.
डागाला मी 'ती' लिहितोय. सवय, दुसरं काय.

९ ऑगस्ट, गुरुवार
ओलिंडाला चित्र दाखवलं. खिडकीत कोण दिसतंय विचारलं. तिने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. म्हणाली, ओल दिसतेय. तळघरातलं मशीन शेवटचं कधी लावलंत? मी म्हटलं, कुठलं मशीन?
मग जे काय सुरू झालं! म्हणे, ओल ओढायचं मशीन, विनी तीस वर्षं रोज दोनदा त्याची बादली उपसायची, आणि हे विचारतात कुठलं मशीन! खाली गेलो. बादली काठोकाठ भरलेली, त्यात एक उंदीर, बिचारा. मशीन मार्चपासून बंद. मी ओलिंडाला म्हटलं, मला माहीत होतं. ती म्हणाली, हो, दिसतंच आहे.
ते असो. उपाय माझ्याकडे आहे. आजवर सदतीस एचिंग्जना मी स्वतः टबात अंघोळ घातलीय. कोमट पाणी, चमचाभर ब्लीचिंग पावडर, अर्धा तास. डाग साफ. शाई लोखंडासारखी जागच्या जागी.
हे ऐकून ओलिंडाने कपाळावर हात मारला. म्हणाली, अहो, ते एचिंग नव्हे! माझी आत्या स्वयंपाकघरात बसून असले ठसे छापायची, पोरांच्या रंगपेटीतले पाण्याचे रंग, ब्रशने लाकडावर लावायचे, वर कागद, आणि चमच्याने घासायचं. पाण्यात टाकलंत तर काय उरेल? राहू दे तो डाग, म्युझियमवाले बघतील.
मी म्हटलं, ओलिंडा, सूप तुझा विषय, कागद माझा. तिने वाडगा आपटला, मदर मेरीला हाक मारली आणि गेली.
सूपमध्ये मीठ जास्त होतं. सगळं प्यायलो.

२० ऑगस्ट, सोमवार
मिस लिंडक्विस्टचं पत्र. मी डागाबद्दल कळवलं होतं (चेहऱ्याबद्दल नाही). लिहिते, डागाची चिंता नको, आमचे लोक पाहतील, कृपया काहीही करू नका. 'काहीही' खाली दोन रेघा. आजच्या पिढीत धाडस नाही.
ती आता खिडकीतून थेट माझ्याकडे बघते. खोलीत कुठेही बसलो तरी. जेवणाच्या टेबलावर बसलो तरी, आणि तिथून चित्र दिसतही नाही.
मला तिचं बघणं सहन होत नाही. नाही होत.
डागाचं, म्हणजे.

२७ ऑगस्ट, सोमवार, सकाळी ९
आज करून टाकतो. नीट विचार केलाय. प्रदर्शनात शंभर माणसं त्या खिडकीसमोर उभी राहणार, आणि कुणीतरी विचारणारच, की ही बाई कुणाची वाट बघतेय?
टब घासला. पाणी कोमट. पावडर एक चमचा. डाग हट्टी म्हणून दोन.

९.२०
चित्र फ्रेममधून काढलं. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा काचेशिवाय पाहिलं. काच असताना इतकं सुंदर दिसत नव्हतं. जांभळा बरोबर आहे. वादळाआधी समुद्र असाच असतो, मी कधी पाहिला नव्हता.
तिला म्हटलं, जरा गार लागेल.

९.२५
पाण्यात सोडलं. पाणी थोडं पिवळट झालं. मळ निघतोय. शुभ चिन्ह.

९.२७
पिवळं घर हललं.

९.२८
समुद्र निघाला. अख्खा समुद्र टबात. दोन्ही हातांनी धरायला गेलो. पाणी हातात धरता येत नाही हे मला माहीत आहे, चौतीस वर्षं हेच काम केलं.

९.३१
सगळ्यात शेवटी ती राहिली. एकटीच, पांढऱ्या कागदावर. टबाचं बूच ओढायला गेलो, पण साखळी अडकली. मी म्हटलं, थांब विनी, थांब, मी आलो. मग तिचा तो वर केलेला हातही गेला.

२९ ऑगस्ट, बुधवार
कागद वाळला. पांढराशुभ्र. डागाचा मागमूस नाही. इतकं स्वच्छ काम मी आजवर केलं नव्हतं.
मिस लिंडक्विस्ट ठरल्याप्रमाणे आली. वाटलं होतं ओरडेल. ओरडली नाही. बसू का, म्हणाली, आणि बसली. मग म्हणाली, मिस्टर स्नो, पत्रात मी लिहिलं होतं हो. मी म्हटलं, दोन रेघा मारल्या होत्या, बघितल्या मी.
ओलिंडा आली. बुधवार असून. तिने कागद पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर गप्प बसली. मला बरं वाटलं असतं ती बोलली असती तर.
चमच्याने घासलं होतं ना, त्याचे उंचवटे कागदावर राहिलेत. बोट फिरवलं की लागतात. ही गल्ली, हे छप्पर. मी मिस लिंडक्विस्टला म्हटलं, तुमची नजर तरुण आहे, जरा खिडकीत बघा, तिथे कोणी आहे का. तिने कागद उजेडात तिरका धरला. बोटाने चाचपत खिडकी शोधली. खूप वेळ बघितलं, नाटक म्हणून नव्हे, खरंच बघितलं. मग म्हणाली, नाही हो, मिस्टर स्नो. कोणी नाही.
दोघी गेल्या.
मला खिडकीतली ती जायला नको होती. डागच होता, असू दे, राहिला असता तर काय बिघडलं असतं? मला तिने बघायला हवं होतं. रागाने का होईना.
मगाशी जिन्यात उभं राहून तीनदा हाक मारली. पाइपसुद्धा वाजले नाहीत.