लाकडी फळीचे ठोके

सोमवार, संत लूकचा सण
पोचले एकदाची. खेचराने हाडं खिळखिळी केली, पण मठ छान आहे. नासपतीची बाग, मोठाल्या चुली, सूपसुद्धा गरम. आमच्या मठात माझं अक्षर सगळ्यांत चांगलं, म्हणून मला धाडलंय. सरदारीण योलांदबाई उतारवयात इथेच राहायच्या, गेल्या आठवड्यात वारल्या. त्यांच्या मरणाची वार्ता लिहायची, मग ती मठोमठी फिरेल. या मठात पवित्र अवशेष म्हणून जपलेलं संताचं बोट त्यांनीच दिलेलं. दर्शनाला रीघ लागलेली असते, त्या दानावरच मठ चालतो. दोन दिवसांचं काम.

मंगळवार
कसलं दोन दिवसांचं! इथे जेवणानंतर तासभर सोडला तर मौन. काही विचारलं की ओठावर बोट. आणि त्या तासात बोलतात तेही नासपतीबद्दल. बाईंना काय झालं होतं, एवढं सांगायला यांचं काय जातं? मठमाता रिचिल्द म्हणाल्या, 'शांतपणे गेल्या' एवढं लिही की गं, तुझ्या हाताला लकवा भरलाय का? डोकं पिकलंय माझं या मौनाने.

बुधवार
आजाऱ्यांचं बघणारी तिफेन अखेर बोलली. रीत आमच्याकडेही तीच आहे: कुणी शेवटच्या घटका मोजू लागलं की जमिनीवर राख पसरून त्यावर निजवायचं आणि लाकडी फळी बडवायची. ठोके ऐकले की सगळ्यांनी प्रार्थना म्हणत धावायचं. माणूस जाईपर्यंत प्रार्थना थांबवायची नाही.

तिफेन म्हणते, फळी वाजली तेव्हा योलांदबाई तिच्यासमोर बसून नासपती खात होत्या. ठणठणीत. तिला वाटलं, दुसरंच कुणी चाललंय. तर सगळ्या आल्या त्या बाईंकडेच. तिफेनला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

मी वार्तेच्या चर्मपत्रावर लिहिलेलं सगळं खरवडून टाकलं.

गुरुवार
तिफेन दिसत नाही. दुसऱ्या मठात पाठवली म्हणे. एका रात्रीत?

बाईंच्या प्रार्थनेच्या पुस्तकात पत्र सापडलं, बिशपना लिहिलेलं, अर्धंच. ते बोट संताचं नाही, नवऱ्याने ते एका कसायाकडून आणलं होतं, आता मरण्याआधी खरं सांगून टाकायचंय. मी तणतणत गेले आणि ते मठमातांपुढे आपटलं. म्हटलं, खोटं लिहिणार नाही, बिशपना सांगेन. मूर्ख मी. त्या रागावल्यासुद्धा नाहीत. पत्र चुलीत टाकलं आणि म्हणाल्या, किती गं वाळलीस, नीट जेवत जा.

शुक्रवार
खेचर मागितलं. लंगडतंय म्हणे. फाटकाला कुलूप. मला घरी जायचंय.

बागेतून परतले तर खोलीत राख — नीट पसरलेली, माझ्या उंचीएवढी. झाडली. तासाभराने पुन्हा —

शनिवार, जेवणानंतर
फळी वाजतेय.

कोण आजारी? आत्ता सगळ्या जेवायला होत्या. धडधाकट. मीही —

जिन्यावर पावलं. प्रार्थनेत नाव घेतायत. ओदिल. माझं.

दार उघडून ओरडले, मी बरी आहे, हे बघा, उभी आहे. कुणी वर बघितलं नाही. प्रार्थना थांबत नाही —

कडी लावलीय. टिकणार नाही. हे जिला सापडेल तिने वार्तेत लिहावं, की फळी वाजली तेव्हा ओदिल ठणठणी