नोटीस पिरियड नव्वद दिवस

१८ मार्च, सकाळी १०.२०
ठराव : रिक्रूटमेंट एजंट नावाच्या जमातीपुढे आजपासून मान खाली घालायची नाही. दलालच हे. फ्लॅटऐवजी माणसं दाखवतात, एवढंच. आमची कंपनी बंद पडून चार महिने झाले, हे त्यांना कळता कामा नये. बेकार माणूस दिसला की हे लगेच पगार पाडतात. म्हणून सगळ्यांना एकच उत्तर : नोकरीत आहे, नोटीस पिरियड नव्वद दिवस. ज्याला सोडायला कंपनी तीन महिने लावते तो माणूस भारीच असणार.

दर्शना म्हणाली, एप्रिलअखेर जमलं नाही तर मी हॉस्पिटलात डबल ड्युटी घेते. बायकोची कंबर आधीच गेलेली. म्हटलं, वेळच येणार नाही. ठणकावून म्हटलं.

१९ मार्च
घाटकोपरच्या एजन्सीतून स्वरदा नावाच्या मुलीचा फोन. वय चोवीस असेल. मी गोडाऊन सांभाळायला लागलो तेव्हा ही दुपट्यात होती. विचारते, सर, एक्सेल येतं ना? म्हटलं, आधी माझा सीव्ही वाच. वाचलाय म्हणे. फोन आपटला. मीच.

२० मार्च
फोन नाही. घाबरली.

२७ मार्च
आठवडाभर कोणाचाच फोन नाही. मग एका एजंटने सुरतला फोर्कलिफ्ट चालवायची नोकरी सुचवली. ब्लॉक.

२ एप्रिल, दुपारी ३.४०
पुन्हा स्वरदा. अंधेरीत एमआयडीसीमध्ये वेअरहाउस मॅनेजर हवाय. अगदी माझं काम! पण लगेच जॉइन होणारा पाहिजे म्हणे. सर, तुम्ही नक्की कधी येऊ शकता? काही असेल तर मला मोकळेपणी सांगा. भोचक कार्टी. नव्वद दिवस, सांगितलं. पुन्हा विचारलं तिने, नक्की नव्वद, सर? इम्प्रेस झाली.

९ एप्रिल
इंटरव्ह्यू झकास. तिघे होते, तिघेही मान डोलवत होते. शेवटी मोठे साहेब म्हणाले, स्वरदा सांगत होती तुम्ही सोमवारपासून येऊ शकता. मला न विचारता? ताबडतोब दुरुस्ती केली : नव्वद दिवस. माझ्याशिवाय आमच्या गोडाऊनचं शटर उघडत नाही. (यात खोटं काही नाही. नोव्हेंबरपासून उघडलेलंच नाही.)

बाहेर येऊन स्वरदाला झापलं. तुझ्या बॉसकडे कम्प्लेंट करीन, म्हटलं. ती फक्त म्हणाली, बरं, सर.

१० एप्रिल
ठराव : ऑफर आली की एक दिवस ताटकळत ठेवायचं. लगेच हो म्हटलं की किंमत जाते.

१४ एप्रिल
जयंती. नाक्यावर शेजारचे खंडूकाका भेटले. नोकरीचं काय झालं प्रबुद्ध, म्हणाले. फायनल आहे, म्हटलं. सगळ्यांसमोर पाठ थोपटली त्यांनी.

१७ एप्रिल
फोन नाही. मोठ्या कंपन्यांत वेळ लागतोच.

२१ एप्रिल
स्वरदाला तीनदा फोन केला. उचलला नाही. या पिढीला मॅनर्स म्हणून नाहीत.

२८ एप्रिल, संध्याकाळी ६
दर्शनाने मे महिन्याच्या डबल ड्युटीला नाव दिलं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती स्वतःचेच पाय चेपत बसली होती आणि मला माझी लाज वाटली.

गॅलरीत जाऊन स्वरदाला फोन लावला. उचलला. सगळं सांगून टाकलं. कंपनी नाही, नोटीस नाही, उद्या म्हणशील तर उद्या येतो.

ती म्हणाली, माहीत होतं, सर. मुलुंडला तुमच्या गोडाऊनच्या जागी आता जिम आहे, मी तिथेच जाते. म्हणून तर त्यांना सोमवार सांगितला होता. त्यांना तुम्हीच हवे होतात. आठवडाभर थांबले, पण तीन महिने कोण थांबणार?

विचारलं, मग घेतलं कोणाला?

नाव सांगता येत नाही म्हणाली. पण त्याचा अनुभव तुमच्या निम्मासुद्धा नाही, सर. फक्त, कधी येतोस विचारल्यावर तो म्हणाला, आत्ता येऊ का?