लोहासव बंद झालं त्यानंतर

पनवेल, १२ फेब्रुवारी १९९४

प्रिय अंकुश,

बडोद्याहून आलेलं तुझं पत्र मिळालं. ट्रेनिंग लवकरच संपतंय, हेही कळलं. इकडे बाबा आणि आत्या मांडवाचं बोलतायत. मी ऐकते, मान हलवते.

साखरपुड्यात आत्याच म्हणाली होती ना, "माझी सून फिकी दिसते, रगत नाय हिच्या अंगात." म्हणून बाबा मला काशिराम वैद्यांकडे घेऊन गेले. हिमोग्लोबिन साडेनऊ होतं. वैद्यांनी लोहासव दिलं, काळ्या मनुका आणि आवळा खायला सांगितला. मी सगळं नेमाने घेतलं. भूक वाढली, जिना चढताना लागणारी धापही कमी झाली. पुन्हा तपासलं, तर साडेनऊच. या वेळी लोहाचीही तपासणी केली होती. वैद्यांनी रिपोर्ट पाहिला. म्हणाले, "पोरी, तुझ्या रक्तातल्या पेशी बारीक आहेत, पण लोह पुरेसं आहे. कमी असेल तिथे माझं औषध भर घालतं. इथे कमी नाहीच. आजपासून बंद कर." आणि मुंबईच्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी दिली.

तू सोबत आलास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लग्न ठरलंय तर दोघांचंही बघू. तू हसत बाही वर केलीस. "माझं घ्या, हिच्यापेक्षा लाल हाय," म्हणालास. मग तू बडोद्याला गेलास.

सोमवारी रिपोर्ट आणायला मी एकटीच गेले. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईबापाकडून रक्तात उतरलेला दोष. मला, आणि तुलाही. हा आजार नाही, आपल्या दोघांना काही होणार नाही. पण आपल्याला मूल झालं, तर दर वेळी चारात एक शक्यता, की त्याच्या अंगात पुरेसं रक्त बनणारच नाही. त्याला जन्मभर बाहेरचं चढवावं लागेल. बाळ पोटात असतानाच ते तपासता येतं, असंही डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कळल्यावर काय करायचं, ते मी विचारलं नाही. मग त्यांनी विचारलं, घरात कुणी लहानपणी गेलंय का. मला तुझी मोठी बहीण भामा आठवली. आपण तिला पाहिलेलं नाही, नुसतं ऐकलंय. दीड वर्षाची, पांढरीफटक, पोट फुगलेलं. आत्या अजून म्हणते, "माझंच दूध पातळ व्हतं." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हेच असू शकेल."

मला रडू आलं नाही. स्टँडवर उतरून कोथिंबीर घेतली, घासाघीसही केली. घरी येऊन भात लावला. अजून कुणाला काही बोलले नाही.

तू म्हणशील, मूलच नको. मनापासून म्हणशील. मलाही तेच ऐकावंसं वाटेल, म्हणून तू यायच्या आत लिहितेय. अंकुश, आपलं लग्न होणार नाही. बाबांना मी उद्या सांगेन. पुढे जिच्याशी ठरवशील, तिचं रक्त आधी तपासून घे. आणि आत्याला तूच सांग, की भामा तिच्या दुधामुळे गेली नाही. मी सांगितलं, तर तिला वाटेल, लग्न मोडायला कारण शोधतेय.

तुझ्याच मामाची लेक,
दिपा