चार बोटं वर

परभणी, मंगळवार, संध्याकाळ

आजही लॉनवरचे तिन्ही स्प्रिंकलर वर आलेले. पाणी भिंतीवर उडतं म्हणून काल मीच आटे फिरवून ते गवताच्या पातळीपर्यंत खाली केले होते. सकाळीही खालीच होते. शाळेतून आले तर चार बोटं वर.

चार बोटं हे यांचं माप. घरात टेप असूनही हे जमिनीवर हात आडवा ठेवून उंची लावायचे. यांना जाऊन आता दोन वर्षं होतील.

परवा असंच झालं तेव्हा मी माळीकाम करणाऱ्या सोपानमामांना बोलले. ते म्हणाले, "बाई, मी न्हाई हात लावला. सायबाचं माप मला ठाव हाय, पण तुमी खाली म्हनल्यावर मी कशाला वर करू?" "मग काय आपोआप झाले?" असं मी म्हटलं. तशी मी कुणाला असं टोचून बोलत नाही. खुरपं ठेवून ते बोरीला गावी गेले, ते आलेच नाहीत.

आज फाटकाला कुलूप होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये. मीच झोपेत...? पण सकाळी पाहिलं होतं. नक्की पाहिलं होतं. मग मी हात आडवा ठेवून पाहिला. माझी चार बोटं पुरली नाहीत, वर बोटभर जागा उरली. यांचा पंजा रुंद होता.

उद्या सोपानमामांना फोन करून माफी मागायची. मग कुणी केलं, असं त्यांनी विचारलं तर काय सांगू? आणि काहीच न विचारता, सगळं ठाऊक असल्यासारखे ते कामाला लागले, तर मला जास्त भीती वाटेल.