खंडेनवमीला पुजलेलं रिव्हॉल्व्हर

मॉरिसव्हिल,
कोजागरीनंतरचा शनिवार

ती. सुलभावन्संना सुनेत्राचा वाकून नमस्कार.

तुमच्या गुडघ्यांना नवं तेल मानवलं का? भावोजींची साखर आटोक्यात आहे ना, की अजून दवाखान्यातून येताना जिलबी आणतात? इकडे आम्ही तिघंही खुशाल आहोत, आणि पुढची पानं वाचताना हे वाक्य कृपया लक्षात ठेवा.

रोज फोनवर बोलत असताना ही कागदावर का उतरली, असं वाटेल. कारण वकिलाने बजावलं आहे की या विषयावर फोन नाही, मेसेज नाही, ईमेल तर मुळीच नाही. आमच्या मंडळातली रेणू नागपूरला निघाली आहे, तिच्या बॅगेत बदामांच्या पाकिटाखाली हे ठेवते आहे. अकरा वर्षं रांगेत उभं राहिल्यावर आमच्या ग्रीनकार्डची मुलाखत पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला आली आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. ती होणार की आम्ही तुमच्याकडे कायमचे राहायला येणार, हे आता अडीच इंची नळीवर येऊन ठेपलं आहे. (आलो तर वरची खोली मोकळी करावी लागेल. भावोजींची पापड वाळवायची जागा जाईल.)

सुरुवात कुठून झाली हे सांगणं उद्धटपणाचं होईल, म्हणून सांगते. गेल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर आमच्या पाटावर लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हर आणि माझी भाजीची सुरी मांडलेली पाहून तुम्ही म्हणालात, आपल्या घराण्यात खंडेनवमीला खरं शस्त्र पुजतात. (त्या घराण्यातले जे पूर्वज फौजेत होते ते तंबूंच्या खुंट्या मोजायला होते, असं सासूबाई मला एकदा म्हणाल्या होत्या, पण ते असो.) तुमच्या बंधुराजांच्या ते जिव्हारी लागलं. जो माणूस बाथरूममध्ये कोळी दिसला की मला हाक मारतो, त्याने मनाशी शस्त्र घ्यायचं ठरवलं. ऑगस्टमध्ये एका आजींच्या घरचं जुनं सामान विकायला निघालं होतं. निमिष तिथे पुस्तकांचं कपाट बघायला गेला आणि बुटाच्या खोक्यात रिव्हॉल्व्हर घेऊन आला. पुस्तकं अजून जमिनीवरच आहेत.

मी विचारलं, व्हिसावरच्या माणसाला हे चालतं का? त्यावर त्याने मला पाऊण तास कायदा शिकवला. आपल्यासारख्यांनी बंदूक बाळगायची नाही हे खरं, पण अठराशे अठ्ठ्याण्णवपर्यंत बनलेली असली तर सरकारच्या लेखी ती बंदूकच नव्हे, पुराणवस्तू. आणि आजींनी शपथेवर सांगितलं होतं की हे त्यांच्या आजोबांचं, शतक उलटायच्या आधीचं. आजींचं वय ब्याण्णव होतं, समोर उभ्या असलेल्या स्वतःच्या मुलाला त्या प्लंबर समजत होत्या, पण रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत त्यांची स्मरणशक्ती निमिषला एकदम विश्वासार्ह वाटली. अनिका खोक्यात डोकावून एवढंच म्हणाली, "बाबा, इज धिस ईव्हन लीगल?" नऊ वर्षांची आहे. घरात अक्कल कोणाकडे आहे ते तेव्हाच कळायला हवं होतं.

मग ओळख पटवणं सुरू झालं. मुठीच्या तळाशी नंबर होता, त्यावरून साल कळतं म्हणे, पण गंजाने आणि झिजेने तो वाचता येत नव्हता. जुन्या हत्यारांच्या शौकिनांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे, तिथे निमिष ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बसायला लागला. पाच गोळ्यांचं आहे, मधोमध वाकून उघडतं, वर निकेलचा मुलामा, इतकं कळलं. प्रश्न राहिला काडतुसाच्या मापाचा. कट्ट्यावरच्या कोणीतरी सांगितलं की गोळी बसते त्या भोकाचा साचा काढ आणि मोज. साच्यासाठी खास धातू मिळतो. पण त्या दिवशी गणेश चतुर्थी होती आणि ओट्यावर मोदकांची उकड तयार होती. वन्सं, तुमच्या भावाने माझी उकड रिव्हॉल्व्हरमध्ये भरली. नैवेद्याच्या ताटात एकवीस मोदक आणि त्यांच्या शेजारी पांढरंशुभ्र एक काडतूस, अशी आरती झाली. उकड वाळली की आकसते हे त्याला कोण सांगणार? माप निघालं छत्तीस. छत्तीसची काडतुसं याच्यात बसतच नाहीत, हे कळायला त्याला आणखी आठवडा लागला.

शेवटी शेजारचे वॉल्टर मदतीला आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एकटे, जुन्या रिव्हॉल्व्हरांचे दर्दी. त्यांनी बघताक्षणी सांगितलं, अडतीस, पण जुनी अडतीस. आज दुकानात मिळते ती लांब आणि बारीक, ही बुटकी आणि जाड, आणि काळ्या दारूची. नवी याच्यात घालू नकोस, जाणारही नाही, आणि एखादी जुन्या मापाची पण नव्या दारूची मिळाली तर मुळीच घालू नकोस, नाहीतर तुझी बोटं शोधायला मला वाकावं लागेल आणि माझी कंबर धरली आहे. निमिषने हे सगळं वहीत लिहून घेतलं.

किमतीचं काय झालं तेही ऐका. इंटरनेटवरची चकाकणारी रिव्हॉल्व्हरं बघून निमिषने बाराशे डॉलरचा आकडा धरला होता आणि त्यातून तुम्हाला तिकीट पाठवायचं ठरवलं होतं. राले शहरात जुन्या हत्यारांची जत्रा भरते, तिथल्या एका जाणकाराकडे ते नेलं. त्याने मुलामा पाहिला, सोललेला. मूठ पाहिली, दुसऱ्याच कुठल्या तरी रिव्हॉल्व्हरची. मग विजेरी लावून आत पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. आत हे पांढरं काय आहे, असं त्याने विचारलं. निमिष खाली मान घालून म्हणाला, "राईस फ्लार." चाळीस वर्षांत समुद्रात बुडालेली, चिखलात पुरलेली, गोठ्यात लपवलेली हत्यारं मी पाहिली, तो म्हणाला, हे पहिल्यांदाच. किंमत सांगितली नव्वद. निमिषने ते घेतलं होतं एकशे चाळीसला. परत येताना गाडीत तो म्हणाला की खऱ्या वस्तूची किंमत पैशात करायची नसते. तुमचं तिकीट त्यामुळे राहिलं.

तरी ते चालतं की नाही हे बघायचंच होतं. वॉल्टरचं चाळीस मिनिटांवर शेत आहे, मागे मातीचा उंच बांध आहे. आमरसाचे रिकामे डबे मी घरून नेले होते. काडतुसं वॉल्टरची, भरायची त्यांनीच. पहिली गोळी त्यांनी रिव्हॉल्व्हर टायरला बांधून, दोरी ओढून, ट्रकच्या आडून झाडली, कारण ते शहाणे आहेत. धूर असा झाला की शिमगा आठवला. नंतर निमिषची पाळी. त्याने पाय फाकवले, डोळे बारीक केले, श्वास रोखला आणि झाडली. गोळी कुठे गेली ते अजून कळलेलं नाही. वॉल्टरच्या गाई मोजल्या, त्या पूर्ण भरल्या, एवढंच समाधान. मीही एक झाडली, पण ती केवळ म्हाताऱ्याचं मन राखायला.

आता खंडेनवमी. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शस्त्र नेता येत नाही, म्हणून मंडळाची पूजा आमच्या गॅरेजमध्ये ठेवली. रीमा-विनय, शिवांगी, आणखी दहा-बारा जण, आणि मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले गुरुदत्तकाका पूजा सांगायला. वॉल्टर इस्त्रीचा शर्ट घालून, बूट बाहेर काढून, काखेत नंबरावरून साल सांगणारं आपलं जाड पुस्तक घेऊन आले. काका कुंकवाच्या बाबतीत सढळ. त्यांनी नळीला लावलं, घोड्याला लावलं, मग ते उलटं करून मुठीच्या तळाला चांगलं चिमूटभर चोळलं, आणि जास्त झालं म्हणून उपरण्याने पुसलं. वरचं पुसलं गेलं, खाचांतलं राहिलं. कट्ट्यावरच्या विद्वानांना दोन महिने न दिसलेला नंबर गंजातून लालभडक उमटला. निमिषला काय आनंद! त्याने आकडे मोठ्याने वाचले, वॉल्टरनी पुस्तक उघडलं, बोट खाली खाली नेलं आणि थांबवलं. "नाइन्टीन-ओ-वन, माय बॉय," ते हळूच म्हणाले. "सॉरी."

तीन वर्षं, वन्सं. तीन वर्षांनी ती पुराणवस्तू उरली नाही, बंदूक झाली. निमिष गॅरेजच्या जमिनीवर बसला तो बसलाच. सगळे पाटापासून दोन पावलं मागे सरकले, कारण तिथे जमलेला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या व्हिसावर होता. ते उचलू शकणारे नागरिक दोनच, वॉल्टर आणि इथेच जन्मलेली अनिका. अनिका पुढे झाली तशी मी तिची वेणी धरून मागे ओढली. वॉल्टरनी हात पुढे केला तर काका आडवे आले. "उत्तरपूजेशिवाय शस्त्र हलवायचं नाही! उद्या सकाळी हलवा." निमिषने त्यांचे पाय धरले. खरोखर धरले. म्हणाला, काका, उद्या सकाळपर्यंत हे माझ्या घरात राहिलं तर मीच हललो. काकांनी एकदा त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, शेंडीवरून हात फिरवला आणि चार मिनिटांत उत्तरपूजा उरकली. वॉल्टर रिव्हॉल्व्हर टॉवेलात गुंडाळून, दुसऱ्या हातात नारळ घेऊन आपल्या घरी गेले. आता ते त्यांचं. कुंकू त्यांनी पुसलेलं नाही.

वकिलाने सगळं ऐकून घेतलं. चुकून झालं, कळताक्षणी दिलं, बाकी मी बघून घेतो म्हणाला. लपवायचं काही नाही, पण मिरवायचंही नाही. शेवटी विचारलं, याचा कुठे फोटोबिटो आहे का? निमिष छातीठोकपणे म्हणाला, छे. तो बिचारा फेसबुकवर नाही.

भावोजींना नमस्कार. चुकलंमाकलं पोटात घाला.

तुमची,
सुनेत्रा

ता. क. लिंबाच्या लोणच्याची बरणी पोचली. निम्मी कस्टमने ठेवून घेतली.

ता. क. तर तो फोटो. "आमच्या घराण्याची सून, अमेरिकेत शस्त्र चालवताना" असं लिहून, खाली मॉरिसव्हिल आणि निमिषच्या कंपनीचं नाव जोडून तुम्ही जो फेसबुकवर टाकलात, त्याला तीनशे बारा जणांनी हात जोडले आहेत. वन्सं, पाया पडते, हे पत्र हातात पडताक्षणी तो काढा. भावोजींनी पुढे पाठवला असेल तर त्यांच्याकडून, आणि त्यांच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमधूनही. हे पत्र लिहायचं कारण एवढंच होतं. फोटो तुम्हाला कोणी पाठवला हे निमिषने विचारलं तर आठवत नाही म्हणा. (मीच पाठवला होता.)

ता. क. एक गोळी झाडली हे खरं नाही. अठरा झाडल्या. बारा डब्यांपैकी नऊ पाडले, आणि वॉल्टरनी टोपी काढली. अकरा वर्षं इथल्या प्रत्येक फॉर्मवर माझ्या नावापुढे "अवलंबित" असं लिहितात, आणि मी खाली सही करते. त्या फोटोत मी कोणावर अवलंबून दिसत नाही. म्हणून काढून टाकायच्या आधी त्याची एक मोठी प्रिंट करून घ्या, चांगल्या कागदावर, आणि कपाटात पैठणीच्या घडीत ठेवा. कार्ड हातात आलं की मी स्वतः न्यायला येईन. निमिषला कळू देऊ नका. तो अजून सगळ्यांना सांगतो की मी डोळे मिटून झाडली.