आडोशाचा वारा

प्रिय अपेक्षा,

तुझी आजी केशरबाई सांगून राहिली अन् दुसरं कोणी लिहून राहिलं. कोण ते विचारू नको. अक्षर ओळखता आलं तर ओळख, नाही तर उगी राहा. मी त्याले बजावलं आहे, मी बोलली तसंच लिहायचं, आपली अक्कल मधात घालायची नाही. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू नुसतं 'हो आजी, हो आजी' करते अन् मागं समुद्र घुमत असते. माझं अर्धं बोलणं त्यातच वाहून जाते. कागदाले हो-हो करून टाळता येत नाही.

इकडं सगळे थकलेले आहेत. जेठ सरला, आभाळ रोज भरून येते अन् वाऱ्यासंगं निघून जाते. विहिरीचं पाणी खाली गेलं, वेलीवर विड्याचं पान लहान येऊन राहिलं. अंजनगावच्या बाजारात पान घेणारे सगळे माझ्या वयाचे, अन् त्यातले अर्धे दात नसलेले. तुझी माय जयवंता पानं लावता लावता बसल्या जागी डोळे मिटते. मले मळ्याच्या फाटकापर्यंत जायचं तर वाटेत दोनदा टेकावं लागते. फाटक काही लांब गेलं नाही, तुले माहीत आहे. पण खरा थकवा उन्हाचा नाही, बाई. घरात तीन माणसं जेवतात अन् भांड्याशिवाय काही वाजत नाही, त्याचा आहे.

लोक रामेश्वरले पुण्य कमवाले जातात. माझी नात तिथं पतंगाले लोंबकळाले गेली. मी हे इथं सगळ्यांले असंच सांगते, म्हणजे कोणी पुढं विचारत नाही. तुझ्या त्या खेळाचं इंग्रजी नाव माझ्या तोंडात बसत नाही, मी पतंगच म्हणीन. पायाखाली फळी, कमरेले पतंग, अन् खाली समुद्र. आपल्या घरात असं लेकरू कसं निपजलं, याचा मी लय विचार केला. आपण पिढ्यान्‌पिढ्या वाऱ्यापासून लपणारी माणसं. नागवेलीले वारा सोसत नाही, पश्चिमेचा कोरडा वारा एका दुपारी पान करपवते. म्हणून तुझ्या आज्यानं, देवमननं, मळ्याच्या भोवताल शेवरीच्या झाडांची दाट रांग लावली. शेजारच्या मळेवाल्यानं एकदा हौसेनं पक्की भिंत घातली होती. वारा त्या भिंतीवरून उडी मारून आतच पडला अन् वेली मुरगाळून गेला. तेव्हा तुझा आजा म्हणे, वारा अडवायचा नसते, गाळायचा असते. आपल्या घरातलं प्रत्येक लेकरू हेच शिकून मोठं झालं, की झाडामागची जागा चांगली. ऊन असो, वारा असो, झाडाच्या मागं ये. तुझा बापही हेच शिकला. त्याले दुसरं कोणी काही शिकवलंच नाही.

तू मागच्या वर्षी आली तेव्हा मले कालव्यावर नेलं होतं, आठवते? पाण्यात एक धोंडा होता. तू म्हटलं, आजी, हे पाणी म्हणजे वारा समज अन् धोंडा म्हणजे झाड. धोंड्याच्या पुढं पाणी सरळ येते, मागं पाहा. मागं पाणी गरगर फिरत होतं, कधी उलटं धोंड्याकडंच येत होतं. बरंच पुढं गेल्यावर ते पुन्हा सरळ झालं. तू म्हटलं, समुद्रावरून येणारा वारा साफ असते, त्याले वाटेत कोणी छेडत नाही. जमिनीवर डोंगर, झाडं, घरं, सगळे त्याले धक्के देतात. दोन टेकड्यांच्या मधातून तो पळत सुटते, अन् झाडामागं तो मेल्यासारखा वाटते पण मेलेला नसते. मी तुले म्हटलं, हे तर आपल्या गावच्या माणसांसारखंच झालं. तू लय हसली. तेव्हा तुझा बाप तिथं नव्हता. मी नंतर लय वेळा म्हटलं, तो तिथं असाले पाहिजे होता.

अन् मग धरणावरचा तो दिवस. तुझा बाप गोवर्धन तुझा पतंग पाहाले पहिल्यांदा आला होता. इतके दिवस 'पोरीच्या जातीनं हे काय' म्हणणारा माणूस, सकाळी धुतलेला सदरा घालून मलेच घाई करत होता. मी छत्री घेऊन दगडांवर बसली होती. तू उघड्या टोकाले उभी होती, वाऱ्यानं तुझे केस सरळ उभे. अन् तो तिकडून ओरडला, अपू, तिथं काहून उभी राहिली, लय वारा आहे, इकडं बाभळीमागं ये, निवांत आहे!

मी तुझं तोंड पाहिलं, अपेक्षा. तू आधी बाभळीच्या शेंड्याकडं पाहिलं. शेंडे हलून राहिले होते. मग तू बापाकडं पाहिलं. तो हात हलवून बोलावत होता, जत्रेत लेकराले बोलावतात तसा. तुले सगळं समजत होतं. तरी तू पतंग उचलून त्याच्याकडं गेली.

खाली पान हलत नव्हतं. पतंग डगमगत वर गेला, बाभळीच्या डोक्यावर निघाला, अन् तिथं सगळा वारा वाट पाहून राहिला होता. त्यानं तुले उचललं अन् दगडांवर आणून टाकलं. पुढचं मी सांगत नाही. अमरावतीचा दवाखाना, मांडीतला रॉड, अन् शेवटी एक पाय जरासा आखूड. जाड तळाचा बूट आला. बूट काढला की तू डुलते, म्हणून डॉक्टरनं पायातून काढू नको म्हटलं.

अन् आपल्या मळ्यात पायताण चालत नाही. वेल देव आहे, फाटकातच सगळ्यांनी अनवाणी व्हायचं. माझ्या लग्नापासून मी हा नेम मोडलेला पाहिला नाही. मग तू बाहेर, शेवरीच्या पलीकडं बाजेवर बसायची, अन् तो आत. सकाळपासून तो आतच. तू मले म्हटलं होतं, बाबा मले पाहून मळ्यात लपतात. पाय वाकडा करून घरी आली म्हणून त्यांले माझी लाज वाटते. कार्तिकात तू बसनं गेली तेव्हाही तो स्टँडवर आला नाही. आता फोनवर म्हणते, नागपंचमीले येत नाही. पाण्यातही जात नाही म्हणते, किनाऱ्यावर टेबलाशी बसून लोकांची नावं लिहिते म्हणते.

मी बुढी, माझी नजर मोतीबिंदूची, पण एवढं पाहिलं. तू बाजेवर ज्या जागी बसायची, शेवरीच्या आतून त्याच जागी तो उभा राहायचा. हातात खुडलेलं एक पान. तू उठून घरात गेली की मगच तो पुढच्या ओळीले जायचा. मधात शेवरी होती म्हणून तुले तो दिसला नाही.

अन् हे तुले कोणी सांगितलं नसन. तू गेल्यापासून तो दर संध्याकाळी धरणावर जाते. माझं जुनं लाल लुगडं फाडून त्यानं पट्ट्या केल्या, बांबूच्या काड्यांले बांधल्या, बाभळीमागं अन् उघड्या टोकापर्यंत रोवल्या, अन् पाहात बसते. गावात लोक विचारतात, गोवर्धन मासे धरते का आजकाल? मी म्हणते, हो, मोठा मासा आहे, गळाले लागून राहिला नाही. परवा मले म्हणे, बुढे, बाभळीमागची पट्टी गप नसते वं. दारुड्यासारखी करते. लोंबते, फडकते, उलटी झाडाकडंच येते. किती काड्या पुढं नेल्या तरी तेच. झाड सरते तिथं त्याचा धक्का सरत नाही, बुढे. एवढं बोलला अन् जेवला नाही.

आत्ता इथं मळ्यात बसल्या बसल्या पेन थांबला आहे. मी त्याले म्हटलं, लिही, काहून थांबला? तो म्हणे, डोळ्यात कचरा गेला. मळ्यात तर वारा येत नाही, बाप्पा, मग कचरा कुठून आला? हेही लिही म्हटलं. लिहून राहिला.

तर आता तुले समजलं असन, अक्षर कोणाचं आहे. अक्षर तर तू पहिल्याच ओळीत ओळखलं असन, मीच उगाच नखरे केले. त्यानं तुझ्याशी बोलावं म्हणून मी सगळं करून पाहिलं. शिव्या दिल्या, रडून दाखवलं, एक दिवस खोटी आजारीही पडली. त्याच्या तोंडून शब्द निघत नाही. म्हणून आज कागद आणवला अन् म्हटलं, माझं पत्र लिहून दे. पराया माणसाचं समजून लिही. तू येशील की नाही, ते तुझं तू पाहा. मी थकली, आता तुमच्या दोघांच्या मधात शेवरीसारखं उभं राहणं माझ्याच्यानं होत नाही. माझं सांगणं सरलं. खाली जागा सोडाले सांगितली आहे. तिथं तो काय लिहिते, काही लिहिते का नाही, मले वाचता येत नाही, अन् हे त्याले चांगलं माहीत आहे. आयुष्यात पहिल्यांदा मले अक्षर येत नसल्याचं बरं वाटून राहिलं.

तुझीच,
अंगठेबहाद्दर आजी

अपू,
त्या दिवशी जागा तुझीच बरोबर होती. तुले माहीत असून तू माझ्यासाठी आली. नागपंचमीले ये. मी फाटकात उभा राहीन. बूट काढू नको, तशीच आत ये.
बाबा