शून्याच्या टाकीतले मासे

मंगळवार, चंद्रपूर

कपाशीवर फवारायच्या औषधाच्या किती डोसला मासे मरतात, हे शोधायला टाकीमागून टाकीत डोस वाढवत गेले. एका टाकीत डोस शून्य. तिच्यात नुसतं पाणी, बाकी टाक्यांत होतं तेच, वरोऱ्याकडच्या शकूबाईंच्या अंगणातल्या बोअरिंगचं. त्या शून्याच्या टाकीतलेही मासे मेले.

आज सॉफ्टवेअरने विचारलं, शून्याच्या टाकीतले मृत्यू बाकीच्या टाक्यांच्या आकड्यांतून वजा करू का? माझे गाईड सर म्हणाले, "करून टाक. त्याची सोय असते." केले. आलेख इतका सुरेख आला की सर खूश. पण वजा केले म्हणजे गेले कुठे? हवेचा पंप तर सुरूच होता. मग शून्याच्या टाकीतले मेले कशाने?

राहवलं नाही, शकूबाईंना फोन लावला. त्यांनीच हौसेनं कॅन भरून दिले होते, वर त्याच पाण्याचा चहा पाजला होता. म्हटलं, तपासून होईपर्यंत ते पाणी पिऊ नका.

त्या म्हणाल्या, "नाई पेत मॅडम. मंग कोणतं पेऊ, थे सांगा."